पाईप टाकला म्हणजे पाणी आलं असं नाही

नगरपरिषदेची निवडणूक आली की तीन आश्वासनं ठरलेली असतात: हद्दवाढ करू, वाढीव वस्त्यांना रोज पाणी देऊ आणि तालुक्यात एमआयडीसी आणू. तिन्ही एका दमात म्हटली जातात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की एक झालं की बाकीची दोन आपोआप होतील. प्रत्यक्षात या तिन्हींचे खिसे वेगवेगळे आहेत. कारखान्याचं उत्पन्न एकाच्या खिशात पडतं, पाइपलाइनचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो आणि वीजबिल तिसऱ्याच्या गळ्यात पडतं. हा हिशेब न मांडता गाव वाढवलं की काय होतं, त्याची उदाहरणं महाराष्ट्रात भरपूर आहेत.

नळापर्यंत पाणी येतं कसं

धरणाच्या किंवा नदीच्या काठावर एक खोल विहीर असते, ती जॅकवेल. तिथले पंप पाणी उपसून वर ढकलतात. ज्या नळातून ते चढतं त्याला ऊर्ध्ववाहिनी किंवा रायझिंग मेन म्हणतात. पुढे जलशुद्धीकरण केंद्र, तिथून उंच टाक्या आणि टाकीतून उतारानं गल्लीतल्या वितरण वाहिन्या. शेवटी फेरूल, म्हणजे मुख्य वाहिनीला भोक पाडून बसवलेला घराच्या जोडणीचा तुकडा, आणि मग आपला नळ.

‘आमच्या कॉलनीत लाइन टाका’ ही मागणी या साखळीच्या शेवटाकडच्या कडीची, वितरण वाहिनीची आहे. एका कॉलनीपुरती ती कडी स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारी, म्हणून नारळही तिथेच फुटतो. पण पंगतीत पत्रावळ्यांच्या दोन रांगा वाढवल्या म्हणून भात वाढत नाही. पातेलं तेवढंच, चूल तेवढीच. वाढप्याने मागच्या रांगेला वाढलं की पुढच्या रांगेचं कमी होतं. जुन्या गावठाणातली माणसं वाढीव वस्तीच्या लाइनला विरोध करतात तो दरवेळी मत्सरापोटी नसतो. आपलं अर्ध्या तासाचं पाणी वीस मिनिटांवर येणार, हे त्यांनी आधी भोगलेलं असतं.

साठ हजारांच्या गावाचं गणित

समजा गावाची लोकसंख्या ६०,००० आहे आणि हद्दवाढीत आणखी १५,००० माणसं येणार आहेत. पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय निकषानुसार भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. भुयारी गटार नसेल तर ७० लिटर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१३५ लिटरनं ६०,००० माणसांना रोज ८१ लाख लिटर पाणी लागतं. या धंद्यात दिवसाला दहा लाख लिटरला एक एमएलडी म्हणतात, म्हणजे ८.१ एमएलडी. आता जुन्या गावातल्या नळांमधून समजा ४० टक्के पाणी वाटेतच जातं. मग घराघरांत ८.१ एमएलडी पोहोचायला केंद्रातून १३.५ एमएलडी सोडावं लागतं.

हद्दवाढीनंतर ७५,००० माणसांना १०.१ एमएलडी लागेल. गळती ४० टक्केच राहिली तर सोडायला हवं जवळपास १७ एमएलडी. म्हणजे नवे पंप, नवी ऊर्ध्ववाहिनी, शुद्धीकरण केंद्राचा विस्तार, धरणातलं वाढीव आरक्षण. पण गळती २० टक्क्यांवर आणली तर १२.७ एमएलडी पुरतं. आज सोडतो त्याहूनही कमी!

हे वाचून कुणी म्हणेल, मग गळती काढा की, प्रश्न मिटला. इतकं सरळ नाही. ‘गळती’ म्हणून कागदावर जे लिहिलं जातं त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक खरी गळती: फुटलेले सांधे, गंजलेले जोड आणि सगळ्यात जास्त म्हणजे फेरूलपासून घरापर्यंतचा तो बारीक नळ. दुसरी म्हणजे बेकायदा जोडण्या आणि बंद पडलेले मीटर. या दुसऱ्या भागातलं पाणी कुणीतरी पीत असतंच. त्या जोडण्या नियमित केल्या तर पैसे मिळतील, पाणी फारसं सुटणार नाही. म्हणून गळतीचा आकडा सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: यातलं जमिनीत किती मुरतं आणि हिशेबाबाहेर किती वापरलं जातं? ज्या नगरपरिषदेत टाकीच्या तोंडाशी मोठा मीटरच बसवलेला नाही, तिथे ही फोड सांगताच येत नाही. तिथला चाळीस टक्के हा आकडा अंदाजपंचे असतो.

शेवटच्या टोकाला पाणी का पोहोचत नाही

नळाचा व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट येतं, असं वाटतं. त्याच दाबाला ते सुमारे सहा पट येतं. १५० मिलिमीटरऐवजी २०० मिलिमीटरचा पाईप टाकला तर क्षमता दुपटीहून थोडी जास्त होते. खोदाई, वाळू भरणं आणि रस्ता बुजवणं यांचा खर्च दोन्हींना जवळपास तेवढाच. म्हणून नळ एक आकार मोठा टाकणं हा सहसा शहाणपणाचा खर्च असतो. शिवाय वितरण वाहिन्या ३० वर्षांची लोकसंख्या धरून आखायच्या असतात, तर पंप आणि शुद्धीकरण केंद्र १५ वर्षांची धरून. पंप बदलता येतो. काँक्रीटच्या रस्त्याखालचा नळ बदलणं म्हणजे पुन्हा सगळं उकरणं. तरीही निधी कमी पडला की कात्री पहिल्यांदा व्यासालाच लागते.

दुसरं कारण वेळेचं आहे. ५०,००० पर्यंत वस्तीच्या गावात वितरण वाहिन्या सरासरीच्या तिप्पट प्रवाह वाहून नेतील अशा आखतात. त्याहून मोठ्या, दोन लाखांपर्यंतच्या गावात अडीच पट. हा हिशेब पाणी चोवीस तास चालू असेल असं गृहीत धरतो. आपण तेच पाणी दिवसातून दोन तासांत सोडतो, म्हणजे प्रवाह सरासरीच्या बारा पट. आखणीपेक्षा चौपट किंवा जास्त. आणि प्रवाह चौपट झाला की घर्षणात खाल्ला जाणारा दाब चौपट होत नाही, तो सुमारे तेरा पट होतो. टाकीजवळच्या घरात धो धो आणि टोकाच्या घरात नळाला नुसता सुस्कारा, याचं कारण इतकंच. त्यावर टोकाची घरं थेट लाइनला मोटार लावतात. मोटारीनं नळात उलटा ताण तयार होतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात एकाच गल्लीत पोटदुखी आणि काविळीचे रुग्ण निघाले की आधी तिथले सांधे आणि मोटारी तपासाव्यात.

दुमजली घरापर्यंत पाणी चढायचं तर नळाच्या टोकाशी किमान १२ मीटर दाब (म्हणजे पाणी स्वतःहून तेवढं उंच चढेल इतका) उरायला हवा, तिमजलीसाठी १७ मीटर. टेकडीवर प्लॉट पाडणाऱ्याने ‘नगरपरिषदेचं पाणी’ अशी जाहिरात केली असेल तर टाकीचा तळ आपल्या प्लॉटपेक्षा किती उंच आहे, एवढं एकच विचारा. उत्तर ऋण आलं तर त्या नळातून पाणी कधीच येणार नाही, मग नगरसेवक कुणीही असो.

पाण्याचं खरं बिल विजेचं असतं

एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.३९ युनिट वीज लागते. पाच माणसांचं घर १३५ लिटरनं वर्षाला सुमारे २४६ हजार लिटर पाणी वापरतं. वाटेत ४० टक्के जात असेल तर त्या घरासाठी ४१० हजार लिटर उपसावं लागतं, म्हणजे १६० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर अकराशे रुपयांच्या वर नुसता चढवण्याचा खर्च. त्यात तुरटी, क्लोरीन, वॉल्व्हमनचे पगार, जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग काहीच धरलेलं नाही. आता आपल्या घराची वार्षिक पाणीपट्टी आठवून पाहा.

हे १०० मीटर हवेतून काढलेले नाहीत. जायकवाडी धरण पूर्ण भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटरवर असते आणि छत्रपती संभाजीनगर त्याहून साधारण १०० मीटर उंच आहे. धरण जवळ आहे याचा अर्थ पाणी स्वस्त आहे असा होत नाही.

इथे अनुदानाचा गैरसमज दूर करायला हवा. शहरांच्या पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठीच्या केंद्राच्या अमृत २.० योजनेत एक लाखाखालच्या शहरांना प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश असा केंद्राचा वाटा ठरला. उरलेल्यात राज्य आणि नगरपरिषद. हे सगळं बांधण्यासाठी. चालवण्यासाठी कुणी देत नाही. सासऱ्याने जावयाला मोटार घेऊन दिली तरी पेट्रोल जावयानेच भरायचं असतं. मोठी योजना मंजूर करून आणणं हा जितका पराक्रम, तितकीच ती पुढच्या तीस वर्षांची वीजबिलं. पाणीपट्टी न वाढवता योजना आणतो म्हणणारा माणूस बिल कोण भरणार हे सांगत नाही.

गटाराचे नियम उलटे असतात

पाणी दाबाखाली चालतं, त्यामुळे ते चढावरही जातं. मैलापाणी उतारानं चालतं, पंपाशिवाय ते चढत नाही. समजा दोनशे मीटरला एक मीटर उतार ठेवला. एक किलोमीटरवर नळ पाच मीटर खाली जातो. सुरुवात एक मीटर खोलीवर केली असेल आणि जमीन सपाट असेल तर टोकाला खोदाई सहा मीटर. आपल्याकडे मुरुमाखाली दोन-तीन मीटरवर काळा पाषाण लागतो. तिथे खर्चाचं अंदाजपत्रक कोसळतं आणि ठेकेदार हळूच उतार कमी करतो.

उतार कमी केला की वेग कमी होतो. मैलापाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसू लागतो. म्हणूनच पाण्याच्या नळाचा ‘एक आकार मोठा टाका’ हा सल्ला गटाराला लागू नाही. मोठ्या नळात थोडं पाणी पसरट, संथ वाहतं आणि वस्ती भरायच्या आत गटार तुंबतं. नव्या हद्दीत आज दोनशे घरं आणि वीस वर्षांनी दोन हजार असतील तर गटाराची आखणी हे खरं कौशल्याचं काम आहे.

आणि नवी वस्ती ओढ्यापलीकडे असेल तर तिचा उतार मुळातच दुसऱ्या दिशेला असतो. मग उपसा केंद्र आलं, जनरेटर आला, रात्रपाळीचा माणूस आला. नकाशावर गावापासून अर्धा किलोमीटर असलेली वस्ती गटाराच्या भाषेत पाच किलोमीटर लांब असू शकते. हद्दवाढीच्या नकाशावर गावांच्या सीमा असतात, ओढे-नाले फिकट निळ्या रेघेत असतात. खरं तर आधी ओढे बघायला हवेत.

आता ते ७० आणि १३५ लिटर आठवा. अनेक ठिकाणी पाणी योजना १३५ लिटरनं मंजूर करून घेतात आणि भुयारी गटार ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलतात. नळाला आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आपल्या १५,००० माणसांचं ते रोज १६ लाख लिटर. ते शोषखड्ड्यात मावत नाही, उघड्या गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या गावाच्या विहिरीत जातं.

‘एमआयडीसी मंजूर’ याचा नेमका अर्थ

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून आहे, त्याचा कायदा १९६१ चा. बातमीतलं ‘मंजूर’ म्हणजे बहुतेक वेळा इतकंच की अमुक गटांच्या जमिनींना या कायद्याचं सहावं, म्हणजे जमीन संपादनाचं, प्रकरण लागू झालं. त्यानंतर कलम ३२(२) च्या नोटिसा, संयुक्त मोजणी, दरावरची बोलणी, कलम ३२(१) ची अधिसूचना, ताबा. मग रस्ते, पाणी, वीज उपकेंद्राची जागा. मग भूखंड, तेही विक्रीनं नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. मग उद्योजकाची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून दोन संमतिपत्रं, एक उभारणीआधी आणि एक चालवण्याआधी. सातबाऱ्यावर शिक्का पडल्यापासून भोंगा वाजेपर्यंत वर्षानुवर्षं जातात. या मधल्या काळात आजूबाजूच्या जमिनींचे भाव मात्र दुसऱ्याच दिवशी चढतात.

उद्योजक जागा बघायला येतो तेव्हा तो भूखंडाच्या दरावर फार थांबत नाही. वीज किती वेळा जाते, पाण्याचं आरक्षण कुठल्या धरणातून आहे, मे महिन्यात त्या धरणात काय उरतं, सांडपाणी कुठे सोडायचं आणि कंटेनर वळेल असा रस्ता आहे का, हे तो विचारतो. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांना, म्हणजे ड आणि ड+ गटांना, जास्त सवलती असतात. पण सवलत म्हणजे धंदा चालला तर मिळणारी सूट. लाइट गेली की यंत्रात अडकलेला माल वाया जातो, ते नुकसान सवलतीतून निघत नाही.

पाण्याच्या आरक्षणाबद्दल एक गोष्ट माहीत हवी. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून पिणं, शेती, उद्योग असा केला गेला. त्यामुळे धरणातून कारखान्यांना पाणी वळवणं हा फक्त अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही, खालचे आणि वरचे शेतकरी त्यात आहेतच. इचलकरंजी हे त्याचं ठसठशीत उदाहरण. यंत्रमागांचं गाव, प्रोसेसिंगची धुराडी आणि उशाशी पंचगंगा. प्रदूषित पंचगंगेचा भरवसा उरला नाही, २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ येऊन गेली, म्हणून वारणेतून पाणी आणायचं ठरलं. तिथे वारणाकाठ विरोधात उभा राहिला. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना आली, तर दूधगंगा खोरं उभं राहिलं. २०२२ मध्ये गाव महापालिका झालं, तरी पाण्याचा वाद चालूच. उद्योगानं आपल्याच नदीचं पाणी घालवलं की दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरावा लागतो आणि दुसरा हात आखडता घेतो. त्यात त्याचं काही चुकतंय असं म्हणता येत नाही.

कारखाना आला, गावाच्या तिजोरीत काय पडलं?

जुन्या जाणत्यांच्या डोक्यात अजून जकातीचा हिशेब असतो. ट्रक आला की नाक्यावर पावती फाडायची. कारखाना जितका चालेल तितकी नगरपरिषद श्रीमंत. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच गेली. २०१७ पासून जीएसटी आहे आणि तो केंद्राकडे व राज्याकडे जातो. आज कारखान्याकडून स्थानिक संस्थेला मिळतो तो मुख्यतः मालमत्ता कर. तोही कारखाना ज्यांच्या हद्दीत असेल त्यांना.

आणि एमआयडीसी सहसा गावाच्या हद्दीबाहेर असते, कारण सलग मोठी जमीन तिथेच मिळते. तिथले रस्ते महामंडळाचे, पाणीयोजना महामंडळाची, बांधकाम परवानगीही महामंडळाचीच. नगरपरिषदेचा संबंध येतो तो संध्याकाळी सहानंतर. पाळी सुटली की कामगार राहायला गावात येतो. त्याला खोली हवी, नळ हवा, संडास हवा, पोराला शाळा हवी. चाकण बघा. मोटारींच्या बड्या कंपन्यांचे कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी अशा गावांच्या शिवारात पसरलेले. चाकणची नगरपरिषद झाली २०१५ मध्ये, म्हणजे कारखाने उभे राहून गेल्यावर. चाळी, खोल्या, टपऱ्या, टँकर हे सगळं आधी झालं, आराखडा नंतर.

म्हणून उद्योग येणार असेल तर विचारायचा प्रश्न ‘किती रोजगार?’ इथे संपत नाही. त्या रोजगारातली किती माणसं कुठे झोपणार आणि त्यांचं पाणी-गटार कुणाच्या अंदाजपत्रकात धरलं आहे? कारखान्याचं स्वतःचं पाणी महामंडळ देईल. पाच हजार कामगार कुटुंबांचं, घरटी चार माणसं धरली तर, २७ लाख लिटर रोजचं पाणी कुणाच्याच योजनेत नसतं.

‘आधी कारखाने येऊ द्या, पैसा आला की सोयी करू’

हा सगळ्यात नेहमीचा आणि दिसायला सगळ्यात व्यवहारी आक्षेप. याला उत्तर एकाच जिल्ह्यात सापडतं. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी केली. तिथे रस्ते, जमिनीखालून वीज आणि दूरसंचाराच्या तारा, सांडपाणी प्रक्रिया, पुनर्वापराच्या पाण्याची स्वतंत्र वाहिनी हे आधी केलं. सुरुवातीची काही वर्षं मोकळ्या गुळगुळीत रस्त्यांवरून चेष्टाही झाली. मग मोठे उद्योग आले.

त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात चिकलठाणा, वाळूज अशा वसाहतींनी दशकानुदशकं रोजगार दिला, वस्ती वाढत गेली आणि पाणी मात्र वर्षानुवर्षं काही दिवसांआड. जायकवाडीहून पाणी आणायच्या समांतर जलवाहिनीचा खासगी कंपनीबरोबरचा करार २०१६ मध्ये रद्द झाला. नंतरची नवी योजना २०१९ मध्ये सुमारे १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींच्या घरात गेली. म्हणजे सोयी नंतर केल्या तर त्या होत नाहीत असं नाही. त्या महाग होतात, आणि मधल्या काळात लोक टँकरला जे पैसे देतात ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत.

मात्र उलट टोकही चुकीचं. कारखाने येतील या आशेवर नगरपरिषदेनं स्वतः कर्ज काढून दुपटीची योजना बांधली आणि कुणी आलंच नाही, तर अर्ध्या क्षमतेवर चालणारं केंद्र ६०,००० लोकांच्या पाणीपट्टीवर पोसावं लागतं. मधला मार्ग असा: जे नंतर बदलणं अवघड ते आज मोठं करा, म्हणजे पाण्याच्या वाहिनीचा व्यास, टाक्यांच्या जागा, गटारांचे उतार. आणि जे तुकड्यातुकड्यानं वाढवता येतं ते गरजेपुरतं, म्हणजे पंप आणि शुद्धीकरणाचे गाळे. तिसऱ्या पंपाचा चौथरा बांधून ठेवायचा, पंप नंतर.

‘हद्दीत घेतलं, कर लावला, पाणी कुठाय?’

पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. कर आला, पाणी टँकरनंच, ही तक्रार तिथे इतकी वाढली की फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली गेली. रहिवाशांचा राग रास्त आहे. पण बाहेर पडल्यानं पाणी येत नाही, फक्त जबाबदार कोण हे बदलतं.

यातली गाठ गुंठेवारीत आहे. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, रस्ते वीस फुटांचे ठेवू म्हणून बाराच उरले. बारा फुटी बोळात पाण्याची वाहिनी, गटार, पावसाळी नाली आणि विजेचा खांब एकत्र बसवताना पाणी आणि मैला यांच्यात ठेवायचं अंतर उरत नाही. नियमितीकरणाचं शुल्क भरून कागद मिळतो, रुंदी मिळत नाही. प्लॉट घेताना स्वस्त पडला, कारण सोयींचा खर्च किमतीत नव्हता. तो खर्च कुणाला तरी द्यावाच लागतो, आणि ‘जुन्या गावानं का द्यायचा?’ हा गावठाणातला प्रश्नही तितकाच रास्त आहे. नगररचना योजना केली तर सगळ्यांच्या जमिनीतला थोडा थोडा भाग रस्ता-सोयींसाठी काढून उरलेले भूखंड नीट आकारात परत देता येतात. पण ती घरं होण्याआधी करायची गोष्ट आहे.

‘बिल्डरनं लाइन टाकलीय, नुसती जोडून द्या’

जोडण्याआधी अभियंता चार गोष्टी मागतो आणि लोकांना तो अडवणूक करतोय असं वाटतं. पाईप कुठल्या दर्जाचा, जमिनीत किती खोल, कुठून कसा गेला याचा नकाशा आणि दाबाची चाचणी. शेवटची महत्त्वाची: दोन्ही तोंडं बंद करून पाणी भरायचं, चालू दाबापेक्षा जास्त दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा खाली येतो का बघायचं. काटा खाली आला तर आपण गळतीच ताब्यात घेत असतो. खंदकात खाली मऊ मुरूम न घालता डबरावर ठेवलेला पाईप चाचणीत टिकला तरी पहिल्या डंपरखाली तडकतो. म्हणून चाचणी खंदक बुजवण्याआधी, सांधे उघडे असताना व्हायला हवी.

सांडपाणीही विकता येतं

नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. सुरतेत पांडेसराच्या कापड कारखान्यांना महापालिका असंच पाणी विकते. खानदेशातून तिकडे कामाला गेलेल्यांपैकी कित्येकांची रोजीरोटी त्या कारखान्यांतच आहे. थंड करायला, धुवायला, बॉयलरला लागणारं पाणी धरणाचंच हवं असं नाही. एमआयडीसी गावाच्या उताराच्या बाजूला असेल आणि गावात खरोखर भुयारी गटार झालेलं असेल, तर आपल्या ७५,००० माणसांचं रोजचं आठ एमएलडी सांडपाणी हा नगरपरिषदेचा विकाऊ माल होऊ शकतो. धरणावरचा ताण कमी, शेतकऱ्यांशी भांडण कमी, आणि जकातीनंतर पहिल्यांदाच उद्योगाकडून पालिकेला थेट पैसा.

उलटा प्रवाह मात्र कधीच चालू द्यायचा नाही. कारखान्याचं रासायनिक पाणी गावाच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात आलं की तिथले जिवाणू मरतात, कारण ते केंद्र जिवाणूंवरच चालतं. एका रात्री सोडलेला आम्लाचा टँकर केंद्र आठवडाभर निकामी करू शकतो. कारखान्यांचं सांडपाणी त्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातच जायला हवं, आणि ते रोज रात्री चालू असतं का, हे त्याच्या वीजबिलावरून कळतं.

अहवालात कुठली पानं उघडायची

योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल नगरपरिषदेकडे असतो आणि माहिती अधिकारात मागता येतो. तीनशे पानं वाचायची गरज नाही. लोकसंख्येचा अंदाज कुठल्या वर्षापर्यंत धरला आहे ते पाहा. २०११ च्या जनगणनेवरून सरळ रेघ ओढली असेल आणि एमआयडीसीचा उल्लेखच नसेल, तर तो अहवाल दुसऱ्या गावाचा आहे असं समजा. पाण्याच्या आरक्षणाचं जलसंपदा विभागाचं पत्र जोडलेलं आहे का, की ‘प्रस्तावित’ लिहिलंय? वाढीव वस्तीच्या टाकीसाठी जागा कुणाच्या नावावर आहे? टाकीची जागा ताब्यात नसल्यामुळे नळ टाकून वर्षानुवर्षं कोरडे राहिल्याचे प्रकार नवे नाहीत. मग दाबाचा तक्ता: प्रत्येक टोकाशी किती मीटर दाब उरतो ते त्यात लिहिलेलं असतं, आपली गल्ली शोधा.

आणि मग शेवटाकडचं देखभाल-दुरुस्तीचं पान. तिथे वार्षिक वीजबिल लिहिलेलं असतं. त्याला जोडण्यांच्या संख्येनं भागा. येईल तो आकडा पुढच्या सभेत, भाषणं सुरू व्हायच्या आधी, फळ्यावर लिहा.